कुठल्या शितावरून भात ओळखायचा? जुन्या इमारतीचं काँक्रीट न तोडता तपासताना

लातूर-धाराशिव पट्ट्यात जुन्या इमारतीच्या तपासणीला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. घरमालक विचारतो, शाळेचे मुख्याध्यापक विचारतात, कधी कधी चहा घेऊन आलेला शिपाईही विचारतो: "किल्लारीसारखा झाला तर टिकेल का हो साहेब?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना तो भूकंप झाला. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. त्या पहाटे पडली ती बहुतेक दगड-मातीची, रुंद भिंतींची, माळवदाची घरं. त्यानंतर आमच्याकडच्या लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला आणि तो आरसीसीवर बसला. कॉलम-बीमचं आहे ना, मग पक्कं आहे, अशी समजूत झाली. त्या काळात आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या त्या कॉलम-बीमच्या इमारती आता तीस वर्षांच्या झाल्यात. महापालिका हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे डिप्लोमा किंवा डिग्री करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हातात आज पहिल्याच महिन्यात रिबाउंड हॅमर येतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हॅमर काँक्रीटची ताकद मोजत नाही, तो उसळी मोजतो. यूपीव्हीचं (अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी) यंत्र आवाजाच्या लहरीला काँक्रीटमधून जायला लागलेला वेळ मोजतं. ताकदीचा आकडा आपण त्यावरून काढतो, आणि चूक होते ती या काढण्यात.

यंत्र पेटीतच ठेवा, आधी इमारत फिरा

पहिला अर्धा दिवस यंत्राशिवाय घालवा. नकाशे असतील तर मागा, बहुतेक वेळा नसतात. मग माणसं शोधा. जुना वॉचमन, निवृत्त शिपाई, गावातला एखादा मिस्त्री सापडतोच. त्याला विचारा: स्लॅब कोणत्या महिन्यात पडला, पाणी कुठलं होतं, वाळू गोदावरीची की ओढ्याची, माल मशीनमध्ये कालवला की पत्र्यावर हातानं? मराठवाड्यात ही चौकशी फार कामाची आहे. एप्रिल-मे महिन्यात पडलेल्या आणि टँकरच्या पाण्यावर जगलेल्या कामाला क्युरिंग, म्हणजे ओतल्यावर ओलं ठेवणं, किती मिळालं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात कॉलमला बांधलेली पोती किती दिवस ओली राहिली असतील? बोअरचं खारं पाणी वापरलं असेल तर तेही नोंदवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या कामाला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

भेगा बघताना घाई करू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीवर उभी असलेली इमारत पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या जमिनीबरोबर हलते. भिंतीत तिरक्या, दाराच्या कोपऱ्यातून निघालेल्या भेगा पडतात आणि मालक घाबरून काँक्रीट तपासायला बोलावतो. त्या भेगांचा काँक्रीटच्या ताकदीशी बहुधा काही संबंध नसतो, तिथं पाया बघायला हवा. उलट कॉलमच्या कोपऱ्यावर सळईला समांतर उभी भेग, गंजाचे तांबूस ओघळ, स्लॅबच्या खालून सुटलेले पोपडे दिसले तर तिथं थांबा. छोट्या हातोडीनं टकटक करत जा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक दोन दिवसांत कानाला कळायला लागतो.

ठिपके कुठे मारायचे

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो. इमारत तशी नसते. एक कॉलम सकाळी भरलेला असतो, दुसरा संध्याकाळी पाणी जास्त घालून, आणि तिसरा पुढच्या महिन्यात नवीन वाळू आल्यावर. म्हणून तळमजल्यावर हात पोहोचेल तिथं चार कॉलम ठोकले आणि सगळ्या इमारतीचा आकडा दिला, असं करता येत नाही.

मजल्याप्रमाणे, आणि बांधकामाचे टप्पे माहीत असतील तर टप्प्याप्रमाणे गट पाडा. प्रत्येक गटातले कॉलम, बीम, स्लॅब कच्च्या नकाशावर क्रमांक देऊन मांडा. चांगले दिसणारे, वाईट दिसणारे आणि मधले असे तिन्ही प्रकार त्यात हवेत. एकाच कॉलममध्येही ताकद सारखी नसते. ओतल्यावर खडी खाली बसते आणि पाणी वर येतं, त्यामुळे कॉलमचा माथा पायथ्यापेक्षा कमजोर असतो. आपण मात्र सवयीनं छातीच्या उंचीवर हॅमर मारतो. निदान काही कॉलमवर शिडी लावून बीमच्या खाली वीतभर अंतरावर वाचन घ्या. भूकंपात कॉलमवर जास्तीत जास्त ताण येणाऱ्या जागांपैकी ती एक असते.

हॅमर

स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८ च्या सुमाराला हे साधन बनवलं. त्यात अजूनही तीच साधी गोष्ट घडते: स्प्रिंगनं सोडलेलं वजन दांडीवर आदळतं, दांडी काँक्रीटला टेकलेली असते, आणि वजन किती मागे उसळलं ते पट्टीवर दिसतं.

सकाळी निघण्यापूर्वी पोलादी ऐरणीवर हॅमर तपासा. नेहमीच्या एन प्रकाराच्या हॅमरला तिथं ८० च्या आसपास वाचन यायला हवं. ७४ येत असेल तर आतली स्प्रिंग किंवा दांडी बिघडली आहे, तो हॅमर त्या दिवशी साइटवर नेऊ नका. ही ऐरण जड असते म्हणून बरेच जण विकतच घेत नाहीत. तसं करू नका.

गिलावा काढावाच लागतो. गिलाव्यावर मारलेलं वाचन म्हणजे गिलाव्याचंच वाचन. साधारण एक फूट चौरस जागा उघडी करा, कार्बोरंडमच्या दगडानं घासून गुळगुळीत करा, धूळ पुसा. कडेपासून आणि कोपऱ्यापासून निदान २० मिमी आत राहा आणि एकाच ठिपक्यावर दुसऱ्यांदा मारू नका, कारण पहिल्या माऱ्यानं ती जागा दबलेली असते. १९९२ च्या आयएसप्रमाणे एका जागी सहा वाचनं घ्यायची आणि विचित्र आकडे वगळून सरासरी काढायची असं होतं. मी नऊ-दहा घेतो. आपल्या डेक्कन ट्रॅपच्या बसाल्टची काळी खडी इतकी कडक असते की दांडी नेमकी खडीवर पडली तर आकडा एकदम वर उडतो, आणि बाजूलाच पोकळी असेल तर खाली येतो. सहामध्ये असे दोन आले की सरासरीत काही अर्थ उरत नाही.

हॅमर आडवा, वर की खाली धरला ते प्रत्येक वाचनासमोर लिहा. गुरुत्वाकर्षणामुळे दिशेची दुरुस्ती वेगवेगळी असते. ओल असेल तर तीही लिहा. ओल्या पृष्ठभागावर अंदाजलेली ताकद सुमारे २० टक्के कमी येऊ शकते. पाण्याची टाकी, संडास-बाथरूम, गळकी गच्ची यांच्याजवळच्या वाचनांकडे याच नजरेनं बघा.

आता विश्वासार्हतेचं. १९९२ सालच्या आयएस १३३११ च्या दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिलं होतं की हॅमरवरून काढलेल्या ताकदीची संभाव्य अचूकता अधिक-उणे २५ टक्के आहे. (हॅमर आणि यूपीव्ही हे दोन्ही विषय आता आयएस ५१६ च्या पाचव्या भागात गेलेत, रिपोर्टमध्ये नव्या क्रमांकाचा उल्लेख करा.) २५ टक्के ऐकायला लहान वाटतं. आकड्यात बघा: हॅमरवरून २४ (न्यूटन प्रति चौ. मिमी) आले तर खरी ताकद १८ ते ३० यांत कुठेही असू शकते. एका टोकाला एम २० (म्हणजे २० ताकदीचा दर्जा) सुद्धा नाही आणि दुसऱ्या टोकाला एम ३०. आणि हेही सगळं नीट केलेलं असेल तरच. हॅमरच्या अंगावर चिकटवलेला, उसळीवरून ताकद सांगणारा चार्ट कंपनीनं तिच्याकडच्या काँक्रीटवर बनवलेला असतो, त्यात तुमची खडी नाही, तुमची वाळू नाही आणि तीस वर्षांचं वयही नाही.

गुलाबी रंग बघितल्याशिवाय हॅमरवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त फसवतं ते हे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरतो आणि वरचा थर कडक करतो. हॅमरला फक्त वरचे दोन-तीन सेंटिमीटर कळतात. म्हणजे जुनी, कमी क्युरिंग झालेली, जास्त कार्बोनेट झालेली इमारत हॅमरवर जास्त मजबूत दिसते. १९९२ च्या त्याच आयएसमध्ये म्हटलं होतं की जुन्या काँक्रीटमध्ये हा थर २० मिमीपर्यंत असू शकतो आणि त्यामुळे ताकद ५० टक्के जास्त दाखवली जाऊ शकते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एका शाळेची गोष्ट. दुमजली इमारत, कॉलमवर हॅमरची सरासरी ३४. चार्टवरून ताकद तीसच्या घरात येत होती. कॉलम दिसायलाही छान, एकही भेग नाही. मी मनात रिपोर्ट लिहूनही टाकला होता. बरोबरच्या ज्येष्ठ साहेबांनी काही न बोलता त्याच कॉलमचा कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला दंडगोल तुकडा, काढायला लावला. कोअर बाहेर आल्यावर तो फोडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि ड्रॉपरनं फिनॉल्फ्थेलिन सोडलं. हे द्रव कार्बोनेट न झालेल्या काँक्रीटवर गुलाबी होतं, कार्बोनेट झालेल्यावर रंग येत नाही. आतला भाग क्षणात जांभळट गुलाबी झाला. बाहेरच्या कडेची पट्टी मात्र होती तशीच करडी राहिली. पट्टी मोजली, २२ मिमी. प्रयोगशाळेत त्या काँक्रीटची ताकद १९ भरली. मी कागदावर दीडपटीहून जास्त ताकद लिहायला निघालो होतो, आणि त्या कागदावर विसंबून शाळा वर आणखी एक मजला चढवणार होती. तेव्हापासून फिनॉल्फ्थेलिनची बाटली हॅमरच्याच पेटीत असते.

रंग बघायचा तो ताज्या फोडलेल्या भागावर. ड्रिलच्या भोकात धूळ राहिली तर आतली धूळ बाहेरच्या कडेवर चिकटते आणि सगळंच गुलाबी दिसतं. गुलाबी रंग सळईच्या अलीकडेच संपला, म्हणजे करडी पट्टी सळईपर्यंत पोहोचली, तर ताकदीपेक्षा गंजाची काळजी आधी करा.

यूपीव्ही

यूपीव्ही हॅमरपेक्षा खोल बघतं, कारण लहर कॉलमच्या आरपार जाते. दोन बाजूंना दोन टोकं नेमकी समोरासमोर लावायची, मध्ये ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली, आणि अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. १९९२ च्या मानकातली वर्गवारी अशी होती: सेकंदाला ४.५ किमीच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली शंकास्पद. नव्या मानकातला तक्ता उघडून त्याप्रमाणे लिहा.

इथली नेहमीची चूक टेपची असते. आमच्याकडे जुने कॉलम नऊ इंची, म्हणजे २३० मिमीचे. पोरं गिलावा फक्त ठिपक्यापुरता काढतात, टेप मात्र गिलाव्यावरून लावतात. वेळ ६६ मायक्रोसेकंद आली. गिलाव्यासकट २५५ मिमी धरले तर वेग ३.८६, म्हणजे चांगलं. खरे २३० धरले तर ३.४८, म्हणजे मध्यम. वर्ग बदलला तो २५ मिमी गिलाव्यामुळे. अंतर कॅलिपरनं, काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत मोजा.

सळई वेग वाढवते, कारण पोलादात लहर सेकंदाला ५ किमीहून जास्त वेगानं जाते. कव्हरमीटरनं सळया शोधून, खडूनं आखून मधल्या मोकळ्या जागी टोकं लावा. ओल पण वेग वाढवते. गंमत बघा, हॅमरला ओल खाली ओढते आणि यूपीव्हीला वर. एकाच जागी दोन्ही उलट दिशेला गेले तर आधी ओल तपासा. दोन्ही टोकं एकाच बाजूला ठेवून पृष्ठभागावरून घेतलेला वेग आरपार घेतलेल्या वेगापेक्षा कमी येतो. ती वाचनं एका तक्त्यात मिसळू नका.

यूपीव्हीवरून ताकदीचा आकडा मी देत नाही. वेग जरासा हलला तरी काढलेली ताकद बरीच हलते. हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या), आतली भेग, दोन दिवसांच्या कामातला जोड शोधायला मात्र याच्यासारखं साधन नाही.

कोअर

इथं पृष्ठभाग फुटतोच. मालक म्हणतो, "साहेब, न फोडता करायचं ठरलं होतं ना?" त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा की हॅमर आणि यूपीव्हीमुळे शंभर ठिकाणी फोडायचं वाचतं, पण काही ठिकाणी फोडावंच लागतं. आयएस ४५६ प्रमाणे तीनपेक्षा कमी कोअर चालत नाहीत. मी प्रत्येक गटाला तीन मागतो.

कोअर कुठे घ्यायचा हे हॅमर आणि यूपीव्हीनं सांगायचं असतं. कमी, मध्यम, जास्त अशा तिन्ही प्रकारच्या वाचनांच्या जागा निवडा. ज्या ठिपक्यावर कोअर घेणार तिथं आधी दोन्ही वाचनं झालेली असलीच पाहिजेत. कोअर निघून गेल्यावर ती जोडी पुन्हा मिळत नाही.

नऊ इंची कॉलममधून १०० मिमीचा कोअर काढणं म्हणजे कॉलमची जवळजवळ अर्धी रुंदी कापणं. तसं करू नका. कोअरचा व्यास खडीच्या कमाल आकाराच्या तिप्पट असावा लागतो, म्हणजे २० मिमी खडीला ७० ते ७५ मिमीचा कोअर चालतो. ती जागा स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, गरज असेल तर आधार लावा, आणि सळई कापू नका. ड्रिलचं यंत्र कॉलमला घट्ट बसवा. यंत्र हललं की कोअर वाकडा येतो आणि दाबाला आधीच फुटतो. पाणी आणि जनरेटर स्वतः घेऊन जा. उन्हाळ्यात खेड्यातल्या शाळेत दोनशे लिटर पाणी मागणं बरं दिसत नाही.

आकडा कसा निघतो ते एकदा बघा. मोठ्या, ३०० बाय ४५० च्या कॉलममधला १०० मिमी व्यासाचा कोअर, टोकं घासून-कॅप करून (सपाट करून) लांबी १५० मिमी. यंत्रावर ११८ किलोन्यूटनला फुटला. क्षेत्रफळ ७८५४ चौ. मिमी, म्हणजे ताकद १५.० न्यूटन प्रति चौ. मिमी. लांबी व्यासाच्या दीडपट, त्याचा दुरुस्ती गुणक ०.९४५, म्हणून १४.२. घनाच्या (घन ठोकळ्यावर मोजलेल्या) ताकदीसाठी १.२५ नं गुणा, १७.७. रिपोर्टमध्ये यातला कोणता आकडा लिहिला ते सांगितलं नाही तर वाचणारा १५ आणि १७.७ मध्ये गोंधळतो.

एम २० ला कोअरची सरासरी ८५ टक्के, म्हणजे १७, आणि कोणताही एक कोअर ७५ टक्के, म्हणजे १५ च्या खाली नसावा, हा नियम नवीन काम स्वीकारायचं की नाही यासाठीचा आहे. जुन्या इमारतीत मजला वाढवायचा असेल तर "पास" हा शब्द कामाचा नाही. डिझाइन करणाऱ्याला खरी ताकद लागते.

जोडणी

समजा एका गटात तीन जागी हॅमरवरून ३०, २६, २२ आले आणि त्याच जागांचे कोअर १९, १८, १४ भरले. गुणोत्तर ०.६३, ०.६९, ०.६४. सरासरी सुमारे ०.६५. मग त्याच गटातल्या कोअर न काढलेल्या कॉलमवर हॅमरनं २८ दाखवले तर मी १८ च्या आसपास धरतो. तीन जोड्यांवर हे जेमतेम उभं राहतं, सहा-सात मिळाल्या तर सरळ आलेख काढा. गुणोत्तरं ०.५, ०.९, ०.७ अशी विखुरली तर त्या इमारतीत हॅमर ताकदीसाठी वापरायचाच नाही, आणखी कोअर घ्यायचे. हा निर्णय घ्यायला धीर लागतो, कारण खर्च वाढतो. पण विखुरलेल्या गुणोत्तरांची सरासरी काढून दिलेला आकडा खोटा असतो. आणि एका गटाचं गुणोत्तर दुसऱ्या मजल्याला लावू नका.

रिपोर्टमध्ये दशांशातला एक आकडा देऊ नका. "तळमजल्याचे कॉलम १४ ते १९, पहिल्या मजल्याचे १८ ते २३" असं लिहा, आणि कोअरच्या जागा, कार्बोनेशनची खोली, ओल, दिशा सगळं सोबत द्या. उभ्या सळयांना आडव्या बांधलेल्या रिंगा किती अंतरावर आहेत, सांध्यात सळई किती आत गेली आहे, पाया काय आहे, हे या चाचण्यांनी कळलेलं नाही, हेही त्यातच लिहा. किल्लारीचा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देताना काँक्रीटच्या ताकदीइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, या रिंगांना महत्त्व असतं.

निघण्याआधी कोअरचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटनं पूर्ण भरा. सिमेंट-वाळूचा लगदा कोंबून वरून गिलावा फिरवू नका, तो आकसतो आणि कडेनं फट सुटते. भोकाच्या भिंती ओल्या करा, ग्राउट आतपर्यंत पोहोचलं ते सळईनं टोचून बघा, बाजूला तारीख आणि कोअरचा क्रमांक लिहा. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी मारायला तिथल्या कुणाला तरी सांगून निघा, आणि संध्याकाळी फोन करून मारलं का ते विचारा.